प्रशिक्षकाला मैदानबंदी : अमेरिकी हायस्कुलांतील एक नियम

(द्वितीय वर्ष, कला)

शिक्षक वर्गावर आले नाहीत म्हणून विद्यार्थ्यांनी प्राचार्यांकडे तक्रार नेणे, हा प्रकार आपल्याला नवा नाही. परंतु शिक्षकाने शिकवले म्हणून तक्रार व्हावी, चौकशी व्हावी आणि प्रसंगी शाळेला दंड व्हावा, असे कोणी सांगितले तर आपण ती थट्टाच समजू. अमेरिकेतील हायस्कुलांच्या क्रीडाक्षेत्रात मात्र ही थट्टा नाही. तेथे एखाद्या खेळाचा हंगाम संपला, की त्या खेळाच्या प्रशिक्षकाने आपल्याच शाळेच्या खेळाडूंना केव्हा शिकवावे, किती वेळ शिकवावे, एका वेळी किती जणांना शिकवावे आणि कोणत्या दिवशी मुळीच शिकवू नये, याचे लेखी नियम आहेत. नियम मोडला तर प्रशिक्षकाला काही सामन्यांपुरते बाहेर बसावे लागते, शाळेला दंड होतो, कधी सबंध संघ बाद फेरीला मुकतो.

अमेरिकेत शिक्षण हा घटकराज्यांच्या अखत्यारीतील विषय आहे, हे वाक्य आपण राज्यशास्त्राच्या पेपरात लिहितो आणि त्याचे गुणही मिळवतो. त्या वाक्याचा प्रत्यक्षात अर्थ काय, हे मला या नियमांवरून अधिक स्पष्ट झाले. शिवाय मी स्वतः शाळेत खो-खो खेळले आहे. त्यामुळे प्रशिक्षक आणि खेळाडू यांच्या नात्यात नियमाने कोठवर शिरावे, हा प्रश्न मला केवळ परदेशचा वाटत नाही. प्रथम हे नियम काय आहेत ते समजून घेऊ. मग ते कोणाच्या उपयोगी पडतात ते पाहू.

हंगामांचे गणित

अमेरिकी हायस्कुलात नववी ते बारावी असे चार वर्ग असतात. शाळेचे वर्ष साधारणतः ऑगस्ट-सप्टेंबरात सुरू होऊन मे-जूनमध्ये संपते आणि मध्ये मोठी उन्हाळी सुट्टी येते. या वर्षाचे खेळांच्या दृष्टीने तीन भाग पाडलेले असतात. शरदात अमेरिकन फुटबॉल, क्रॉसकंट्री धावणे आणि बहुतेक ठिकाणी मुलींचे व्हॉलीबॉल; हिवाळ्यात बास्केटबॉल, कुस्ती आणि पोहणे; वसंतात बेसबॉल, सॉफ्टबॉल आणि मैदानी स्पर्धा. (आपण ज्याला फुटबॉल म्हणतो त्याला ते लोक सॉकर म्हणतात. त्यांचा फुटबॉल म्हणजे डोक्याला शिरस्त्राण आणि खांद्यांना गाद्या बांधून, अंडाकृती चेंडू हाती घेऊन, एकमेकांना धडका देत पुढे सरकण्याचा खेळ.)

या वाटणीमागे एक कल्पना आहे. एकाच मुलाने शरदात फुटबॉल, हिवाळ्यात कुस्ती आणि वसंतात धावणे असे तीन खेळ खेळावेत, हे या रचनेत गृहीत धरलेले आहे. प्रशिक्षक हा बहुधा त्याच शाळेतला शिक्षक असतो. दिवसा तो इतिहास किंवा गणित शिकवतो आणि शाळा सुटल्यावर, थोड्या जादा मानधनावर, संघ तयार करतो. म्हणजे खेळ हा शिक्षणाचा भाग आणि प्रशिक्षक हा शिक्षकाचा भाग, असा मूळचा विचार.

पण विचार आणि व्यवहार यांत अंतर पडतेच. टेक्सासमधील लहान गावांत शुक्रवारी रात्री हायस्कुलाचा फुटबॉल सामना असला की सारे गाव मैदानावर लोटते. प्रशिक्षकाची नोकरी गावाच्या हौसेवर टिकते किंवा जाते. अशा वेळी फुटबॉलच्या प्रशिक्षकाला वाटणारच की आपल्या मुलाने हिवाळ्यात कुस्तीत वेळ 'दवडू' नये. त्यापेक्षा त्याने आपल्याकडे वजने उचलावीत आणि चाली घोटाव्यात. बास्केटबॉलच्या प्रशिक्षकालाही तेच वाटते. परिणामी मूल एकच राहते आणि त्याच्यावर हक्क सांगणारे तीन होतात. हंगामाबाहेरच्या संपर्काचे नियम या ओढाताणीतून जन्मले.

नियम कोण करतो?

आपल्याला वाटेल की वॉशिंग्टनमधील एखादे मंत्रालय हे नियम करीत असेल. तसे नाही. प्रत्येक राज्यात हायस्कुलांची एक क्रीडा संघटना असते. इलिनॉयची १९०० पासूनची आहे. टेक्सासची 'युनिव्हर्सिटी इंटरस्कोलॅस्टिक लीग' १९१० मध्ये विद्यापीठाच्या आश्रयाने सुरू झाली. १९२० मध्ये मध्य-पश्चिमेकडील पाच राज्यांच्या संघटनांचे प्रतिनिधी शिकागोला जमले आणि त्यांनी जो संघ स्थापन केला, त्यातून पुढे आजचे राष्ट्रीय महामंडळ बनले. पन्नास राज्ये आणि राजधानीचा जिल्हा मिळून आज त्याच्या एक्कावन्न सदस्य संघटना आहेत. (एक योगायोग असा, की त्याच १९२० साली हॅरी क्रो बक या अमेरिकी गृहस्थांनी मद्रासला वाय.एम.सी.ए.चे शारीरिक शिक्षण महाविद्यालय सुरू केले. आपल्या देशातील 'पी.टी.'च्या मास्तरांच्या व्यवसायाचा एक धागा असा तिकडे जाऊन पोचतो.)

महामंडळ खेळाचे नियम लिहिते, म्हणजे चेंडू केवढा आणि वेळ किती वगैरे. परंतु कोणी खेळावे, हंगाम केव्हा सुरू व्हावा आणि हंगामाबाहेर प्रशिक्षकाने काय करावे, हे ज्या त्या राज्याची संघटना ठरवते. म्हणून एका राज्यात जे कर्तव्य, ते नदीपलीकडच्या राज्यात गुन्हा, असे घडू शकते. संघराज्य म्हणजे काय, याचे याहून सोपे उदाहरण मला तरी पुस्तकात सापडले नाही.

चार प्रकारची मोजमापे

राज्ये अनेक असली तरी नियमांच्या घडणीत चार-पाच पद्धतीच पुनःपुन्हा दिसतात. प्रथम 'संपर्क' या शब्दाचा अर्थ स्पष्ट केला पाहिजे. प्रशिक्षकाने रस्त्यात मुलाची विचारपूस केली, तर तो संपर्क नव्हे. त्याने खेळाचे कौशल्य किंवा डावपेच शिकवले, सराव घेतला, की तो संपर्क ठरतो.

पहिली पद्धत पूर्ण बंदीची. तिला तिकडे 'डेड पीरियड' म्हणतात. केंटकी राज्यात २५ जून ते ९ जुलै हे पंधरा दिवस असे आहेत. या काळात शाळेच्या प्रशिक्षकाने खेळाडूंना शिकवायचे नाही. शाळेचे मैदान, गणवेश, साहित्य, वाहन वापरायचे नाही. शाळेचा पैसा त्यावर खर्च करायचा नाही. एवढेच नव्हे तर शाळेच्या संघाचे टोपणनावही वापरायचे नाही. टेनेसीमध्ये असे दोन आठवडे असतात. इंडियानात ४ जुलैच्या, म्हणजे त्यांच्या स्वातंत्र्यदिनाच्या, आठवड्याला ही बंदी असते. कुटुंबाने एकत्र गावाला जावे आणि मुलाला 'मी सरावाला नसलो तर संघातले माझे स्थान जाईल' ही धास्ती नसावी, हा त्यातला हेतू. धास्ती नसण्याचे कारणही साधे आहे : त्या दिवसांत कोणाचाच सराव नसतो.

दुसरी पद्धत दिवस मोजण्याची. इलिनॉयमध्ये उन्हाळी सुट्टीत प्रशिक्षकाला संपर्काचे पंचवीस दिवस मिळतात, असा नियम रूढ झाला. ज्या दिवशी थोडे जरी शिकवले तो दिवस खर्ची पडला. एखाद्या गृहिणीने महिन्याचे तेल पुरवून वापरावे, तसे प्रशिक्षकाने हे दिवस पुरवून वापरायचे.

तिसरी पद्धत डोकी मोजण्याची. मिशिगनमध्ये शाळा चालू असताना, पण हंगामाबाहेर, प्रशिक्षकाने एका वेळी मोजक्याच खेळाडूंना शिकवावे, असा नियम झाला. ही संख्या दीर्घकाळ तीन आणि नंतर चार अशी होती. यातली युक्ती लक्षात घेण्यासारखी आहे. चार जणांना नेम शिकवता येतो, उडी सुधारता येते. पण बास्केटबॉलच्या पाच जणांचा संघ उभा करून डावपेच घोटता येत नाहीत. म्हणजे मुलाला शिकवायला परवानगी. संघ बांधायला बंदी!

चौथी पद्धत घड्याळाची. टेक्सासमध्ये हंगामाबाहेरचे प्रशिक्षण शाळेच्या वेळापत्रकातल्या एका तासिकेपुरते, साधारण साठ मिनिटांचे, ठेवण्याची रीत आहे. शाळेआधी पहाटे किंवा शाळेनंतर सायंकाळी सराव घ्यायचा नाही. कॅलिफोर्नियाने तर प्रत्यक्ष हंगामातही आठवड्याला अठरा तास आणि दिवसाला चार तास ही सीमा घातली.

याखेरीज 'ओपन जिम' म्हणून एक प्रकार आहे. व्यायामशाळा उघडी असते. शाळेतल्या कोणाही मुलाने यावे आणि खेळावे. प्रशिक्षकाने तेथे थांबावे, कोणाला इजा होऊ नये हे पाहावे. पण शिकवू नये. समोर मुलगा चुकीच्या पद्धतीने चेंडू फेकीत असताना हाताची घडी घालून गप्प उभे राहायचे! शिकवण्याचा ज्याचा पिंड आहे, त्याला ही शिक्षा केवढी असेल, याची कल्पना आपल्या प्राध्यापकवर्गाला सहज यावी.

नियमांमागची कारणे

शरीराचे कारण सर्वांत ठळक आहे. वाढत्या वयातली हाडे आणि सांधे एकाच हालचालीचा वर्षभर मारा सोसत नाहीत. अमेरिकेतील बालरोगतज्ज्ञांच्या अकादमीने २००७ मध्ये असा सल्ला दिला, की मुलाने संघटित सरावापासून आठवड्यातून निदान एक-दोन दिवस आणि एखाद्या विशिष्ट खेळापासून वर्षातून दोन-तीन महिने दूर राहावे.

बेसबॉलमध्ये चेंडू फेकणाऱ्याच्या कोपराचे उदाहरण यासाठी नेहमी देतात. १९७४ मध्ये टॉमी जॉन या व्यावसायिक खेळाडूच्या कोपरातील निकामी झालेल्या बंधनीच्या जागी डॉ. फ्रँक जोब यांनी त्याच्याच दुसऱ्या हातातला स्नायुबंध काढून बसवला. तो खेळाडू १९७६ मध्ये मैदानावर परतला आणि १९८९ पर्यंत खेळला. शस्त्रक्रिया वैद्यकाच्या इतिहासात अजरामर झाली खरी. पण पुढे तीच शस्त्रक्रिया शाळकरी मुलांवर करण्याची वेळ येऊ लागली, ही त्या कीर्तीची दुसरी बाजू. अखेर २०१७ च्या हंगामापासून प्रत्येक राज्य संघटनेने हायस्कुलातल्या गोलंदाजाने (त्यांच्या भाषेत 'पिचर'ने) किती चेंडू फेकावेत आणि त्यानंतर किती दिवस विश्रांती घ्यावी, याची मर्यादा घालावी, असे महामंडळाने ठरवले.

फुटबॉलमध्ये प्रश्न डोक्याचा आहे. धडकांमुळे मेंदूला बसणारे हादरे हा चिंतेचा विषय झाल्यावर कॅलिफोर्नियाच्या विधिमंडळाने २०१४ मध्ये कायदाच केला. तो १ जानेवारी २०१५ पासून अमलात आला. त्यानुसार हंगामाबाहेर शाळेच्या फुटबॉल संघाला धडकांचा सराव घेता येत नाही. हंगामातही तो आठवड्यातून दोनच दिवस आणि दिवसाला नव्वद मिनिटांपर्यंतच घेता येतो. येथे संघटनेचा नियम पुरेसा न मानता राज्याने स्वतः हात घातला, ही गोष्ट ध्यानात घेण्यासारखी आहे.

दुसरे कारण वेळेचे. मुलाला अभ्यास असतो, घर असते, कोणाला सुट्टीत काम करून चार पैसे मिळवायचे असतात, कोणाला दुसरा खेळ खेळायचा असतो. तिसरे कारण शाळा-शाळांतील बरोबरीचे. एका शाळेने वर्षभर सराव घेतला की शेजारच्या शाळेला घ्यावाच लागतो. मग कोणीच थांबू शकत नाही. सर्वांना एकाच वेळी थांबवणारा नियम असला तरच प्रत्येकाला थांबता येते. आणि प्रशिक्षकालाही घरदार असते, हे चौथे कारण. ते कोणी फारसे बोलत नाही, इतकेच.

न्यायालयाची पायरी

हे नियम लोकांनी मुकाट्याने मानले, असे मुळीच नाही. दोन खटले सांगण्यासारखे आहेत.

टेक्सासमध्ये एकेकाळी नियम असा होता, की विशिष्ट प्रकारच्या उन्हाळी क्रीडा शिबिराला जाणारा विद्यार्थी पुढे वर्षभर शाळेच्या संघातून खेळण्यास अपात्र ठरे. बास्केटबॉलच्या शिबिराला गेलेल्या मुलांच्या पालकांनी दाद मागितली. आमच्या पैशाने आमचे मूल सुट्टीत कोठे जाईल हे सांगणारी संघटना कोण, हा त्यांचा प्रश्न. खालच्या न्यायालयाने त्यांचे म्हणणे उचलून धरले; पण १९८१ मध्ये 'काइट विरुद्ध मार्शल' या खटल्यात वरिष्ठ संघीय न्यायालयाने तो निकाल फिरवला. मुलाला शिबिराला पाठवणे हा काही पालकांचा मूलभूत हक्क नव्हे आणि नियमाला वाजवी कारणे आहेत, असे न्यायालयाने म्हटले. अतिउत्साही प्रशिक्षक, पालक आणि गावकरी यांना आवर घालणे हे त्यांतले एक. आणि ज्यांना शिबिराचा खर्च झेपतो व ज्यांना झेपत नाही, त्यांच्यात समतोल राखणे हे दुसरे. या दुसऱ्या कारणाकडे मी पुढे वळणार आहे.

दुसरा खटला टेनेसीचा. १९९७ मध्ये ब्रेंटवुड अकॅडमी या खाजगी शाळेच्या फुटबॉल प्रशिक्षकाने आठवीतल्या काही मुलांना पत्र पाठवले. ही मुले पुढच्या वर्षी त्या शाळेत येणारच होती. वसंतातल्या सरावाला या, लवकर याल तर तुमचाच फायदा होईल, असा पत्राचा आशय होता आणि खाली सही होती : 'तुमचा प्रशिक्षक'. राज्य संघटनेने हा नियमभंग ठरवून शाळेवर चार वर्षे देखरेख बसवली, फुटबॉल आणि मुलांच्या बास्केटबॉल संघांना दोन वर्षे बाद फेरी बंद केली आणि तीन हजार डॉलर दंड केला. एका पत्रासाठी हा वाद दोनदा देशाच्या सर्वोच्च न्यायालयात गेला. २००१ मध्ये पाच विरुद्ध चार मतांनी न्यायालय म्हणाले, की संघटना नावाला खाजगी असली तरी तिचा कारभार सरकारी शाळांशी एवढा गुंतलेला आहे, की तिला राज्यघटना पाळावीच लागेल. २००७ मध्ये त्याच न्यायालयाने एकमताने निर्णय दिला, की हा नियम लागू केल्याने शाळेच्या भाषणस्वातंत्र्याचा भंग झालेला नाही. न्यायमूर्ती स्टीव्हन्स यांनी निकालात अशा पत्राची तुलना अशिलाला गाठून आपल्याकडे ओढणाऱ्या वकिलाशी केली. तेरा-चौदा वर्षांच्या मुलाला 'तुमचा प्रशिक्षक' म्हणून आलेले पत्र हे निमंत्रण असते की हुकूम, हा खरा प्रश्न होता.

स्वेच्छा म्हणजे काय?

आणि सगळ्या नियमांचा गाभाही तोच प्रश्न आहे, असे मला वाटते. जवळपास प्रत्येक राज्याच्या नियमांत एक शब्द येतो : 'ऐच्छिक'. हंगामाबाहेरचा उपक्रम ऐच्छिक असावा. त्यावर संघातली निवड अवलंबून नसावी. लिहायला सोपे आहे. पण संघ निवडणारे सर स्वतः समोर उभे असतील तर ऐच्छिक म्हणजे काय? कोण आले, कोण नाही, हे ते वहीत लिहीत नसतील. मनात तर लिहितातच!

सक्ती मोजता येत नाही. तिचे वजन करता येत नाही, तिला साक्षीदार मिळत नाही. म्हणून नियम करणाऱ्यांनी जे मोजता येते ते मोजले : दिवस, डोकी, मिनिटे. पंचवीस दिवस किंवा चार खेळाडू या आकड्यांत स्वतःचे असे काही पवित्र नाही. जी गोष्ट दिसत नाही तिला आवर घालण्यासाठी दिसणाऱ्या गोष्टीला घातलेले ते कुंपण आहे.

कुंपण म्हटले की पळवाट आलीच. प्रशिक्षकाला बंदी असेल तर संघाचा कर्णधार मुलांना जमवतो आणि सराव घेतो. त्याला 'कॅप्टनचा सराव' म्हणतात. मॅसॅच्युसेट्सच्या संघटनेला नियमपुस्तकात स्पष्ट लिहावे लागले, की अशा सरावाला आमची मान्यता नाही आणि उत्तेजनही नाही. २०२० च्या साथीत मैदाने बंद झाली आणि दूरदृश्य बैठकींतून प्रशिक्षण सुरू झाले, तेव्हा पडद्यावरचे शिकवणे हा संपर्क धरावा की नाही, हा नवाच पेच उभा राहिला.

पण सर्वांत रुंद पळवाट पैशाची आहे. राज्य संघटनेचा नियम शाळेला आणि शाळेच्या प्रशिक्षकाला बांधतो. खाजगी क्लबला, फी घेणाऱ्या शिक्षकाला, गावोगाव स्पर्धांना जाणाऱ्या फिरत्या संघाला तो बांधत नाही. शाळेचे सर ज्या दिवशी नियमाने घरी बसतात, त्या दिवशी क्लबचा प्रशिक्षक शिटी वाजवीत असतो. पालकांनाही आशा असते ती कॉलेजच्या क्रीडा शिष्यवृत्तीची. वस्तुतः कॉलेजांच्या राष्ट्रीय क्रीडा संघटनेच्याच सांगण्यानुसार हायस्कुलातल्या खेळाडूंपैकी सुमारे दोन टक्क्यांनाच अशी काही शिष्यवृत्ती मिळते. पण आशा टक्केवारी वाचीत नाही.

म्हणजे १९८१ च्या निकालात ज्या समतोलाची भाषा होती, तोच उलटा होण्याचा धोका येथे आहे. ज्याच्या बापाला क्लबची फी झेपते, त्याची विश्रांतीही गेली आणि सरावही चालू राहिला. ज्याला झेपत नाही, त्याला विश्रांती मिळाली. पण शिकवणारा कोणी उरला नाही.

आपल्या बाजूने पाहता

हे मी तिऱ्हाईताच्या नजरेने लिहू शकत नाही. आमच्या घरातून कॉलेजची पायरी चढलेली मी पहिलीच. आणि ती चढण्यात खो-खोचा वाटा आहे. माझ्या शाळेत सर दिवाळीच्या आणि मे महिन्याच्या सुट्टीत, ऊन चढण्यापूर्वी, आमचा सराव घेत. एक पैसा कधी घेतला नाही. खुंटावरून वळावे कसे, पाटीवरून उठताना पाय कोठे पडावा, हे आम्ही सुट्टीतच शिकलो. हंगामात सामन्यांच्या धावपळीत शिकायला सवड कोठली? त्या सरांना कोणी 'सुट्टीत मैदानावर पाऊल ठेवू नका' असे सांगितले असते, तर आमच्यासाठी तालुक्याला दुसरा कोणता क्लब वाट पाहत नव्हता. ज्या मुलीचे एकमेव प्रशिक्षक शाळेचे सर असतात, तिच्या दृष्टीने सरसकट बंदी म्हणजे खेळच बंद.

पण त्याच मैदानाची दुसरी बाजूही मी पाहिली आहे. आमच्यातली एक मुलगी, माझ्याहून चपळ, दिवाळीच्या सुट्टीत आईबरोबर कापूस वेचायला जाई. तिला घराला हातभार लावणे भाग होते. सुट्टीतला सराव 'ज्याला जमेल त्याने यावे' असाच होता. तसे सांगितलेही गेले होते. सुट्टीनंतर संघाची यादी लागली तेव्हा त्यात तिचे नाव नव्हते. कोणी तिला रागावले नाही, कोणी कारणही सांगितले नाही. अमेरिकेतील नियमपुस्तकात 'ऐच्छिक' हा शब्द वाचताना मला प्रथम तीच आठवली. तिच्यासाठी केंटकीसारखे पंधरा दिवस असते, ज्या दिवसांत कोणाचाच सराव नाही, तर तिला कापूसही वेचता आला असता आणि यादीतही राहता आले असते.

एकाच मैदानावरच्या या दोन मुलींना एकच नियम कसा पुरावा? माझ्या अल्पबुद्धीनुसार त्याचे उत्तर अमेरिकेतल्या वेगवेगळ्या राज्यांच्या पद्धती एकत्र ठेवल्या तर सापडते. काही थोडे दिवस पूर्ण बंदीचे असावेत, आणि ते सणाच्या व सुगीच्या काळाशी जुळणारे असावेत. त्यात कोणीही मागे पडत नाही. उरलेल्या सुट्टीत सरांना शिकवू द्यावे. परंतु लहान गटात, मिशिगनच्या धर्तीवर, म्हणजे शिकणाऱ्याला शिकता येईल आणि संघ मात्र सुट्टीत ठरणार नाही. निवड सर्वांसमोर, हंगाम सुरू झाल्यावर, चाचणी घेऊन व्हावी. बंदी शिकवण्यावर नको, सक्तीवर हवी. सक्ती दिसत नसल्यामुळे दिवस मोजावे लागतात हे मान्य. पण काय मोजायचे हे ठरवताना सर्वांत गरीब मुलीचे काय होईल, हा प्रश्न आधी विचारला पाहिजे.

आपल्या महाविद्यालयातही आता आंतरमहाविद्यालयीन सामन्यांची तयारी सुट्टीत सुरू करावी, अशी चर्चा जिमखान्यात होत असते. ती जरूर व्हावी. मात्र सराव ऐच्छिक आहे असे फलकावर लिहिताना, न येणाऱ्यांचे पुढे काय होणार, हेही त्याच फलकावर लिहिले जावे, एवढीच माझी विद्यार्थिमित्रांना आणि गुरुजनांना विनंती आहे. अमेरिकेतल्या शाळांना हे एक वाक्य नीट लिहिण्यासाठी अनेक दशके आणि सर्वोच्च न्यायालयापर्यंतच्या फेऱ्या लागल्या. आपल्याला ते खडूने एका सकाळीच लिहिता येईल.